कीर्तन, दंडार आणि गावाचे आरोग्य

आरोग्याचा इतिहास म्हटला की इस्पितळे, लसी आणि औषधे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या खेड्यांत औषध फार उशिरा पोचले, तेथे त्याच्या आधी कोण पोचले होते, हे पाहिल्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज खराटा घेऊन गावात शिरत, दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच. ते विचारीत आणि गाव उत्तर देई. घाण, दारू व पशुबळी यांचा निषेध ते लोकांच्याच तोंडून वदवीत. यावलीस १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजनातून हेच कार्य पुढे नेले आणि ‘ग्रामगीते’त ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला.

आपल्या भंडारा जिल्ह्याचे व्यासपीठ निराळे. दिवाळी आटोपली की येथे गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत रंगते. शाहीर झाडीबोलीत बोलतो. त्यामुळे जे दवाखान्यात विचारायला संकोच वाटतो, ते येथे हसतहसत कानी पडू शकते.

या गोष्टीचे मोल कुष्ठरोगाच्या उदाहरणावरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. या उपचाराने रोग सहा महिने ते वर्षभरात बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. तरीही भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्वेकडील जिल्ह्यांतून रोग अद्याप हटलेला नाही. अंगावरचा बधिर चट्टा माणूस लाजेने झाकतो. उपचार लांबतो आणि बोटे वाकडी होतात. ही लाज गोळीने जात नाही; ती चारचौघांत बोलूनच घालवावी लागते.

मात्र नुसत्या गाण्याने भागेल, असे आम्ही म्हणत नाही. गाडगे महाराजांनी कीर्तनाबरोबर धर्मशाळाही उभारल्या. मुंबईत उपचारास आलेल्या गरीब रोग्यांच्या नातलगांची सोय पाहिली. शाहिराच्या शब्दावर विश्वासून रोगी दवाखान्याच्या पायरीशी आला आणि आत डॉक्टरच नसला, तर पुढच्या मंडईत त्या शाहिराचे कोण ऐकेल? म्हणून दंडारीचा मांडव आणि दवाखाना, या दोहोंची काळजी आपण एकदमच वाहिली पाहिजे.