केड्स कोव्ह : राखलेली घरे आणि पाडलेली घरे

१/ अमेरिकेतील टेनेसी राज्यात, ग्रेट स्मोकी पर्वतरांगांच्या कुशीत केड्स कोव्ह नावाचे खोरे आहे. हिरवी कुरणे, ओंडक्यांची घरे, तीन जुनी चर्च, एक पाणचक्की. सुमारे १८ किलोमीटरच्या वळणदार रस्त्यावरून लाखो पर्यटक हे सारे पाहत जातात. माणसे मात्र इथे राहत नाहीत. एकेकाळी हे भरले गाव होते.

२/ त्याआधी ही चेरोकी लोकांची भूमी होती. १८१८ मध्ये जॉन आणि लुक्रिशिया ऑलिव्हर हे दांपत्य येथे आले, तेव्हा जमिनीच्या हस्तांतराचा करारही झालेला नव्हता. तो झाला १८१९ मध्ये. पहिल्या हिवाळ्यात अन्न संपले असता चेरोकींनी दिलेल्या सुकवलेल्या भोपळ्यावर हे कुटुंब तगले, अशी आठवण पुढील पिढ्यांनी जपली आहे. १८३८ मध्ये त्याच चेरोकींना लष्कराच्या बळावर पश्चिमेकडे हाकलण्यात आले. ऑलिव्हरांचे ओंडक्यांचे घर आजही उभे आहे.

३/ जमीन कसदार होती. मका पिकू लागला, गुरे उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावरील कुरणांत चरू लागली. १८५० पर्यंत लोकवस्ती ६८५ वर पोहोचली होती.

४/ या गावाचा इतिहास वाचायचा तर दफनभूमीत जावे. प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट मंडळीची स्थापना १८२७ ची, आजची चर्चची इमारत १८८७ ची. शेजारच्या दफनभूमीत ऑलिव्हर दांपत्य विसावले आहे. तेथेच रसेल ग्रेगरीची कबर आहे. यादवी युद्धात खोऱ्यातील बहुतेक लोक संघराज्याच्या बाजूचे. नॉर्थ कॅरोलिनातून येणारे बंडखोर धान्य आणि गुरे लुटून नेत. वृद्ध ग्रेगरीने गावकऱ्यांना एकत्र करून त्यांची वाट अडवली. पुढे १८६४ मध्येच त्यांनी परत येऊन त्याला ठार केले. शिलेवर स्पष्ट कोरले आहे की, हा खून नॉर्थ कॅरोलिनाच्या बंडखोरांनी केला. कबरीवरचा लेख सहसा इतका रोखठोक नसतो. युद्धकाळात हे चर्चही बंद राहिले होते.

५/ विसाव्या शतकात राष्ट्रीय उद्यानाची कल्पना पुढे आली. खोऱ्यातील घरे घेतली जाणार नाहीत, अशी ग्वाही लोकांना प्रारंभी मिळाली होती. मात्र १९२७ च्या कायद्याने सक्तीच्या भूसंपादनाचा मार्ग मोकळा झाला. रॉकफेलर घराण्याने भूमिखरेदीसाठी ५० लाख डॉलर दिले. जॉन ऑलिव्हरचा पणतू जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि हरला. १९३७ च्या अखेरीस त्याने खोरे सोडले. उद्यान १९३४ मध्येच अस्तित्वात आले होते.

६/ खरा पेच यानंतरचा आहे. खोऱ्यात सारेच ओंडक्यांच्या घरांत राहत नव्हते. १८३३ मध्येच येथे टपाल कार्यालय आले, १८९० च्या दशकात गावकऱ्यांनी टेलिफोनची तार ओढली. कापीव फळ्यांची, रंगवलेली, नव्या धाटणीची घरे बरीच होती. उद्यान प्रशासनाने त्यांतील बहुतेक पाडली आणि जुनी ओंडक्यांची घरे राखली. पर्यटकाला अपेक्षित असलेला ‘आद्य वसाहतकार’ त्यांतच शोभून दिसत होता! केबल पाणचक्की मूळ जागी आहे. तिच्या अवतीभोवतीच्या अनेक वास्तू मात्र इतर ठिकाणांहून उचलून आणल्या आहेत. टिप्टन वाड्यावरचे प्रसिद्ध झुलत्या माळ्याचे कोठारही १९६० च्या दशकातील प्रतिकृती आहे. परिणामी जे गाव १९३० च्या आसपास जगाशी जोडलेले होते, ते आज शंभर वर्षे मागे अडकल्यासारखे दिसते. इतिहासकार डरवुड डन यांनी १९८८ मधील आपल्या ग्रंथात या एकाकी, मागासलेल्या वस्तीच्या प्रतिमेला साधार छेद दिला.

७/ चर्च मात्र पाडली गेली नाहीत. मेथडिस्ट चर्चला समोर दोन दारे आहेत. स्त्री-पुरुषांनी वेगळे बसण्याची प्रथा या मंडळीत नव्हती, तरी इमारतीचा आराखडा तशी प्रथा असलेल्या दुसऱ्या चर्चचा घेतला होता, असे सांगितले जाते.

८/ प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट मंडळीने तर खोरे रिकामे झाल्यानंतरही आपले चर्च सोडले नाही. उद्यानाच्या हद्दीबाहेर राहणारे सभासद १९६० च्या दशकापर्यंत तेथे उपासनेस येत राहिले. विस्थापितांचे वंशज आजही खोऱ्यात मेळाव्यासाठी येतात आणि पूर्वजांच्या कबरींवर फुले ठेवतात.