मनमाड ते जाफना

नांदगाव तालुक्यातील एखाद्या गावात जवानाचे शव तिरंग्यात लपेटून येते तेव्हा सारा तालुका तेथे लोटतो. दुकाने बंद होतात, शाळेची पोरे रस्त्याच्या दुतर्फा उभी राहतात, पुढारी येतात. शव घरी आणण्याचा हा प्रघात १९९९च्या कारगिल युद्धापासून रूढ झाला. त्यापूर्वी बहुधा तार यायची आणि मागाहून पत्र्याची ट्रंक. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत पडलेल्या सुमारे १२०० भारतीय सैनिकांपैकी अनेकांच्या वाट्याला गावची मातीही आली नाही. त्या मोहिमेत महार रेजिमेंट लढली. आपल्या चळवळीच्या इतिहासलेखनाने मात्र तिची दखल जवळजवळ घेतलेली नाही.

जाफन्याकडे जाण्यापूर्वी याच तालुक्यातील मनमाडला थांबले पाहिजे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथे जी.आय.पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, हा त्यांचा विचार आपण उठताबसता सांगतो. त्याच भाषणातील एक साधा तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. अस्पृश्याला रेल्वेत पोर्टरची जागाही मिळत नसे. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत, आणि तेथे विटाळ आड येई. म्हणून जन्मभर गँगमन म्हणून रूळच ठोकायचे!

हेच कुलूप सैन्याच्या दाराला लागलेले होते. १८१८च्या कोरेगावात ज्यांनी रक्त सांडले त्यांच्या नातवंडांची भरती १८९०नंतरच्या दोनतीन वर्षांत बंद झाली. 'लढवय्या जाती' नावाचे एक शास्त्र साहेबाने रचले आणि त्यात आपण बसत नव्हतो. भरती बंद झाली म्हणजे केवळ पगार आणि पेन्शन बुडाले असे नव्हे. पलटणीची शाळाही गेली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, हे आठवले म्हणजे काय गेले ते कळते. गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी १९१७मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली, १९२१मध्ये ती मोडली. बाबासाहेब १९४१मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

ज्या नावाने गावकुसाबाहेर हाक मारली जाई, ते नाव खांद्यावर मिरवण्याचा हक्क अर्जावर अर्ज करून मिळवलेला आहे. पुढे या रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे आणि प्रांतांचे लोक आले. नाव मात्र तेच राहिले. अनेक पलटणींचा रणघोष देवादिकांच्या नावाने असतो. हिचा आहे 'बोलो हिंदुस्तान की जय'.

ऑक्टोबर १९८७मध्ये जाफन्यात 'ऑपरेशन पवन' सुरू झाले. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल सुंदरजी मूळचे याच रेजिमेंटचे. २५ नोव्हेंबरच्या रात्री ८ महारची एक तुकडी शोधमोहिमेवरून परतत होती, तोच दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी तिच्यावर गोळीबार केला. मेजर रामस्वामी परमेश्वरन् यांनी वळसा घालून शत्रूला पाठीमागून गाठले. हातघाईच्या झुंजीत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. त्यांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला ठार केले, आणि प्राण जाईपर्यंत ते हुकूम देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले. श्रीलंकेतील त्या मोहिमेतील एकमेव परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. मुंबईत जन्मलेला, दक्षिण भारतीय घरातला, जातीने महार नसलेला हा माणूस 'महार' नावाखाली लढताना पडला. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ स्टेशनमास्तरला चालत नव्हता, त्यांच्या नावाची ही पलटण!

मग आपण गप्प का? मला वाटते, या युद्धाची आपल्याला अडचण होते. समोर परके सैन्य नव्हते. बहुसंख्याकांच्या राज्याने नाडलेल्या तमिळांतील बंदूकधारी तरुण होते. ज्यांच्या रक्षणासाठी शांतिसेना गेली, त्यांच्यातच तिला लढावे लागले. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या. तमिळ जनता तो ठपका भारतीय सैन्यावर ठेवते. दलित लेखकाने हे झाकू नये. परंतु मोहीम दिल्लीत ठरते, खेड्यातला शिपाई ती ठरवत नाही. कोरडवाहू रानात पाणी नाही म्हणून जो भरतीच्या रांगेत उभा राहतो, त्याचे मरण धोरणाच्या चुकीत बुडवून टाकणे हा कोणता न्याय?

कोरेगावची लढाईदेखील शेवटी कंपनीसाठीच झाली होती. तरी तेथील स्तंभावरची 'नाक' प्रत्ययाची नावे आपण बोट ठेवून वाचतो, कारण ती शिपायांची आहेत. परमेश्वरन् यांचे नाव २०२३मध्ये अंदमानातील एका बेटाला मिळाले. त्यांच्या मागे त्या अंधारात धावलेल्या शिपायांची नावे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत?

१९८७चे विशीतले जवान आता साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत. नांदगाव-मनमाडच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक वही घेऊन निवृत्त सैनिकांच्या घरी बसावे. कोण कोठे होता, कोणाला काय दिसले, कोण परत आला नाही आणि त्याच्या घरी काय पोहोचले, एवढे विचारावे. आणि ते सांगतील तसे, अवघड वाटले तरी, उतरवून घ्यावे.