कौंडिण्य नौका
कौंडिण्य नौका : लाकडी तक्ते काथ्याच्या दोरीने शिवून बांधलेली, केवळ शिडांवर चालणारी भारतीय नौदलाची नौका. गोव्यात बांधलेली ही नौका २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघाली आणि १४ जानेवारी २०२६ रोजी ओमानमधील मस्कत बंदरात पोहोचली. प्राचीन पद्धतीने शिवलेली नौका अरबी समुद्राच्या लाटांना आजही टिकते काय, याची या सफरीत प्रत्यक्ष परीक्षा झाली.

हिंदी महासागराच्या पश्चिम भागात खिळ्यांऐवजी दोरीने तक्ते जोडण्याची रीत फार जुनी आहे. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात अरबी किनाऱ्यावरील शिवलेल्या नावांचा उल्लेख आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मूझची अशी जहाजे पाहिली आणि ती धोक्याची ठरवली. भोजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरु या ग्रंथात, समुद्रातील चुंबकीय खडक लोखंड ओढून घेतील म्हणून सागरगामी नौकेत ते वापरू नये, असे सांगितले आहे. हे कारण अर्थातच काल्पनिक होय. शिवलेले कवच लवचिक असते. वाळूवर आपटले किंवा लाटांनी पिळवटले, तरी ते सहसा तडकत नाही, हा त्याचा खरा गुण. सोळाव्या शतकापासून यूरोपीय जहाजांच्या प्रभावाने खिळ्यांची बांधणी वाढत गेली आणि शिवणीचे ज्ञान थोड्या किनाऱ्यांवरील कारागिरांच्या हातातच उरले. नौकांचे आराखडे त्यांनी कागदावर कधी मांडलेले नव्हते.

त्यामुळे नमुन्यासाठी अजिंठ्याकडे वळावे लागले. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्णावदानाच्या कथेतील तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे. त्याची उंच शिडे, नाळेवरचा डोळा, सुकाण्याची वल्ही व मागील भागात रचलेले रांजण स्पष्ट दिसतात. कथेतील पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे वसईजवळच्या सोपाऱ्याचा व्यापारी. चंदन आणण्यासाठी समुद्रापार गेलेल्या आपल्या भावाचे जहाज तो वादळातून वाचवितो. घाटमाथ्यापलीकडच्या, समुद्रापासून दूर असलेल्या लेण्यात कोकणातील बंदराचा हा समुद्र पोहोचावा, ही गोष्ट त्या काळच्या व्यापारी मार्गांविषयी बरेच काही सांगते. मात्र चित्रकाराला कथा सांगायची होती, जहाज बांधायचे नव्हते. तळाचा आकार, लाकडांची जाडी किंवा भाराचा समतोल चित्रावरून कळत नाही.

ही उणीव दोन वाटांनी भरून काढण्यात आली. केंद्रीय संस्कृती मंत्रालय, नौदल व गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला कणा बसविण्यात आला. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या. शिवणकाम बाबू शंकरन् यांच्या मार्गदर्शनाखाली केरळच्या कारागिरांनी केले. तक्त्यांच्या कडांना भोके पाडून ती दोरीने आवळली जातात, सांध्यात नारळाचे तंतू भरतात व वर राळ लावतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौका पाण्यात उतरली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली. तिची लांबी सु. १९·६ मी. आहे. शिडांवरील गंडभेरुंड, नाळेवरील सिंहयाळी व हडप्पा धर्तीचा दगडी नांगर ही भिन्न काळांतील चिन्हे एकत्र आली आहेत; ती सजावट समजावी, पुरावा नव्हे.

कौंडिण्य हे नाव फूनान राज्याच्या आख्यायिकेतील आहे. भारतातून समुद्रमार्गे गेलेल्या या ब्राह्मणाने तेथील राजकन्येशी विवाह केला, असे परंपरा सांगते. व्हिएटनाममधील मीसोन येथील ६५८ च्या संस्कृत लेखातही कौंडिण्य व सोमा यांचा उल्लेख येतो.

अशा सफरींत पॉलिनीशियाची होकूलेआ ही जोडनौका विशेष प्रसिद्ध आहे. पॉलिनीशियन लोक दूरच्या बेटांवर योगायोगाने वाहत गेले, असे अँड्र्यू शार्प याने १९५६ मध्ये प्रतिपादिले होते. १९७६ मध्ये सातावाल बेटावरील माऊ पियाइलुग याने होकायंत्राशिवाय, तारे व लाटांच्या आधारे होकूलेआ हवाईहून ताहितीला नेली. तिचे सांगाडे मात्र प्लायवुड व फायबरग्लासचे होते. तेथे परीक्षा दिशाज्ञानाची होती. कौंडिण्यच्या बाबतीत ती बांधणीची झाली. टिम सेव्हरिनची सोहार (१९८०–८१) व मस्कतहून सिंगापूरला गेलेली ज्यूएल ऑफ मस्कत (२०१०) या शिवलेल्या जहाजांशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. यांपैकी दुसरीच्या दोरकामातही शंकरन् यांचा सहभाग होता.

पोरबंदर ते मस्कत हे अंतर सु. १,४०० किमी. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणाऱ्या मोसमी वाऱ्यांवर पश्चिमेस जाण्याची जुनी व्यापारी रीतच या सफरीने पाळली. चौकोनी शिडे व सुकाण्याची वल्ही आजच्या खलाशांना अपरिचित असल्याने ती हाताळण्याचे शिक्षण नौसैनिकांना नव्याने घ्यावे लागले.