मिठी नदी आणि नकाशाचे थर

भूमी, जल, वनस्पती व वस्ती यांचे नकाशे पारदर्शक कागदांवर काढून एकमेकांवर ठेवण्याची पद्धती इयान मॅक्हार्ग यांच्या १९६९ च्या ग्रंथामुळे नियोजनशास्त्रात रूढ झाली. त्याच दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडात नकाशांचे थर संगणकावर आणले. इतिहासाच्या अभ्यासकास या पद्धतीचा काय उपयोग, हे मुंबईच्या मिठी नदीवरून स्पष्ट होते.

विहार व पवई तलावांच्या सांडव्यांचे पाणी घेऊन ही नदी माहीमच्या खाडीस मिळते. १८४५ साली खाडीवर माहीमचा बांध-रस्ता झाला. १८६० साली विहार तलाव पुरा झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुखाजवळच्या दलदलीत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. सुटे पाहिले असता यांतील प्रत्येक काम हितकरच भासते. परंतु भरतीरेषा, तिवरांचे क्षेत्र, जुने पात्र व भराव हे थर एकत्र मांडले, म्हणजे पाण्याला पसरावयाची जागा कोणत्या क्रमाने आक्रसत गेली हे ध्यानात येते.

२६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास शंभर मिलिमीटरही झाला नाही. पर्जन्याचा थर एका केंद्रावरून रेखता येत नाही, हा त्याचा धडा होय. तथापि, त्या पुराचे खापर केवळ अतिवृष्टीवर फोडणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरेल. तिवरांचा अधिवास आणि पुराची भूमी ही बव्हंशी एकच जागा होती. म्हणून जुना नकाशा हा दप्तरातील अडगळ नसून आजच्या नकाशाचा पहिला थर मानावयास हवा.