गृहशोभन, ब्रिटिश वळणाचे

महाराष्ट्रातील घरांच्या अंतर्भागात एकोणिसाव्या शतकापासून रूढ झालेली, व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी अभिरुचीवर आधारलेली सजावटीची पद्धती. टेबल-खुर्च्या, कोच, बिलोरी हंड्या, चौकटीतील चित्रे आणि भिंतीवरचे घड्याळ ही तिची ठळक लक्षणे होत. समग्र घराने मात्र ती कधीच स्वीकारली नाही. तिचा अंमल बव्हंशी दिवाणखान्यापुरताच राहिला.

जुन्या मराठी घरात सुटे सामान थोडे असे. गादी, लोड, तक्के व जाजम मिळून बैठक होई. वस्तू कोनाड्यांत, फडताळांत किंवा खुंट्यांवर ठेवीत. माणूस जमिनीलगत बसे, म्हणून वाड्यांतील खिडक्यांचे तळही खाली असत आणि शोभेचे काम छताच्या व खांबांच्या लाकडावर केलेले असे. हंड्या-झुंबरे व आरसे पेशवाईतच आले होते. बाक, अलमारी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले व खुर्ची हा शब्द अरबी ‘कुर्सी’चे रूप आहे; म्हणजे वस्तूंची ओळख इंग्रजी अमलापूर्वीची होती. नवे होते ते त्यांवर रोज बसणे. बैठक उंचावली की चित्र, दिवा, खिडकी या सर्वांची मोजमापे बदलतात. जुन्या वाड्यात खुर्च्या बहुधा परक्यासारख्या दिसतात, त्याचे कारण हेच.

ही रुची मुंबईहून देशावर पोहोचली ती मुख्यतः रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1860 मध्ये सोलापुरास आली. बार्शी ही कापूस व गळिताच्या धान्यांची मोठी पेठ. तिचा माल सु. 35 किमी. वरील बार्शी रोड (कुर्डुवाडी) स्थानकापर्यंत गाड्यांतून जाई. एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने उभारलेली 762 मिमी. रुंदीची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली व पुढे पंढरपूर (1906) आणि लातूर (1911) येथवर गेली. कापसाच्या गठ्ठ्यांच्या उलट दिशेने येणाऱ्या मालात काच, रॉकेलचे दिवे व तयार लाकडी सामान आणणे त्यामुळे सुकर झाले. माळवदाच्या घरात, ढाळजेलगतच्या बैठकीवर, पेठेतील व्यापारी आपली पत या वस्तूंनी दाखवू लागला. हिशेबाची चोपडी मात्र गादीवरच राहिली.

‘विलायती’ हे विशेषण फार सैल होते. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीची झुंबरे खरोखर इंग्रजी. पण वाकवलेल्या लाकडाच्या हलक्या खुर्च्या ऑस्ट्रियातील थोनेटच्या धर्तीच्या, आणि घड्याळे पुष्कळदा जर्मन वा अमेरिकन असत. मुंबईचे कोरीव शिसवी फर्निचर तर येथील सुतारांनीच घडविले. आकार युरोपीय, पानाफुलांची दाट वेलबुट्टी देशी. दिवाणखान्यातील देवादिकांची रंगीत चित्रे 1894 मध्ये स्थापन झालेल्या रविवर्मा छापखान्याची असत व तीही जर्मन तंत्राने छापलेली. साहेबी म्हणून जे मिरवले, ते असे अनेक देशांचे मिश्रण होते.

माजघर, देवघर व स्वयंपाकघर यांत हे सामान शिरले नाही, कारण तेथे सोवळ्याचा प्रश्न होता. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली चहा घेतल्यावरून न्या. रानडे, टिळक आदींवर ग्रामण्य झाले. अशा काळात टेबलावर जेवणे ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हती. परिणामी एकाच घरात दोन राहण्या नांदू लागल्या. पुरुष परक्यांसमवेत खुर्चीवर बसत. स्त्रियांचा वावर आतल्या जमिनीवरच राहिला. सुधारणेचा डौल आणि तिची मर्यादा एकाच उंबरठ्यावर दिसत असे.

ही विभागणी मोडली ती सदनिकांमुळे. लंडनमध्ये 1908 पासून भरणाऱ्या ‘आयडियल होम’ प्रदर्शनाच्या धर्तीवर भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने 1937 मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये प्रदर्शन भरविले. त्यात व्हिक्टोरियाकालीन कोरीव कामाऐवजी आर्ट डेको शैलीचे सपाट, गोलाईदार फर्निचर पुढे आले आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर यांनाही सजावटीच्या कक्षेत स्थान मिळाले. स्वातंत्र्योत्तर काळात वाडे पाडले जाऊ लागल्यावर जुन्या शिसवी खुर्च्या, आरसे व हंड्या मुंबईच्या चोरबाजारातील दुकानांत विक्रीस येऊ लागल्या.