कॅमेरा चाचणीसाठी कृष्णधवल फिल्म

जुना किंवा नुकताच दुरुस्त केलेला फिल्म कॅमेरा नियमित वापरात आणण्यापूर्वी कमी किमतीच्या कृष्णधवल फिल्मवर तपासण्याची पद्धत छायाचित्रणात रूढ आहे. अशा चाचणीत चित्राच्या सौंदर्यापेक्षा निगेटिव्हवर उमटलेले दोष महत्त्वाचे असतात. त्यामुळे फिल्म स्वस्त असली तरी ती ताजी व एकसारख्या गुणवत्तेची असावी लागते. अन्यथा दोष कॅमेऱ्याचा की फिल्मचा, हे ठरवता येत नाही. कृष्णधवल फिल्म साधारण २०° सेल्सिअस तापमानाला घरीही धुता येते. रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत मात्र सुमारे ३८° तापमान काटेकोरपणे राखावे लागते.

प्रचलित फिल्म

चेक प्रजासत्ताकातील फोमा बोहेमिया कंपनीची फोमापॅन (१००, २०० व ४००) आणि इंग्लंडमधील हार्मन टेक्नॉलॉजीची केंटमियर या मालिका कमी किमतीसाठी ओळखल्या जातात. भारतात उटी येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' नावाने कृष्णधवल फिल्म बनवत असे. ते उत्पादन आता बंद आहे. मुदत उलटलेल्या कोणत्याही फिल्मची संवेदनशीलता घटते व निगेटिव्हवर धुरकटपणा येतो. म्हणून असे रोल चाचणीस अयोग्य ठरतात.

संवेदनशीलता

भर उन्हात आयएसओ १०० फिल्मसाठी एफ/१६ छिद्र व सुमारे १/१२५ सेकंद हे प्रमाण वापरले जाते. अनेक जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांचा कमाल शटरवेग १/१०० ते १/३०० सेकंद एवढाच असतो. त्यामुळे उन्हातील चाचणीला आयएसओ ४०० पेक्षा १०० ची फिल्म सोयीची पडते. मंद शटरवेग तपासताना फिल्मचा स्वभाव माहीत असणे आवश्यक असते. उदाहरणार्थ, फोमापॅन १०० ला मोजलेल्या १ सेकंदाऐवजी २, तर १० सेकंदांऐवजी ८० सेकंद प्रकाश द्यावा लागतो. ही वाढ न केल्यास शटर बिनचूक असूनही निगेटिव्ह फिकी येते.

आकार

३५ मिमी व १२० आकारांच्या फिल्म सहज मिळतात. ६२० आकाराच्या कॅमेऱ्यासाठी १२० चीच फिल्म अंधारात ६२० च्या रिळावर गुंडाळून वापरतात. जुन्या कॅमेऱ्यांच्या पाठीवर आकडे पाहण्यासाठी लाल खिडकी असते. आजच्या बहुतेक कृष्णधवल फिल्म लाल प्रकाशालाही संवेदनशील असल्याने ती खिडकी एरवी झाकून ठेवावी लागते.

दोषांचे निदान

- चौकटीबाहेर, फिल्मच्या कडेपर्यंत गेलेले काळे डाग: कॅमेऱ्याच्या पाठीतून शिरणारा प्रकाश.
- प्रत्येक चित्रात साधारण त्याच जागी येणारा काळा डाग: भात्याला पडलेले छिद्र.
- चित्रांमधील असमान अंतर: फिल्म पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेतील बिघाड.
- लांबीच्या दिशेने सलग ओरखडे: फिल्मच्या मार्गातील धूळ किंवा खडबडीत भाग.
- केवळ मंद वेगांवर घेतलेली चित्रे अपेक्षेपेक्षा गडद: जड झालेले शटर.