पाईक, शिपाई, जवान

भारतीय लष्करात आजही नाईक आणि हवालदार हे हुद्दे आहेत. शिवकालीन पायदळातही ते होते: साधारण दहा जणांच्या तुकडीवर नाईक, पाच नाईकांवर हवालदार. साडेतीनशे वर्षांत राज्यं बदलली, हत्यारं बदलली, ही नावं टिकली. नाईकाच्या हाताखालच्या माणसाचं नाव मात्र बदलत गेलं.

आधी तो होता पाईक, म्हणजे पायी लढणारा. आमच्या मारुंजीपासून फार लांब नसलेल्या देहूत तुकोबांनी या पाइकावर अभंग रचले. त्याची स्वामीनिष्ठा त्यांना भक्तीसाठी योग्य दृष्टान्त वाटली. आज फौजेत पाईक उरला नाही; ‘विचारांचे पाईक’ मात्र प्रत्येक भाषणात भेटतात.

मग आला शिपाई. मूळ फारसी ‘सिपाही’, इंग्रजांच्या तोंडी ‘सेपॉय’. कंपनीच्या मुंबई फौजेत हीच सगळ्यात खालची पायरी, पण अनेकांसाठी तोच गावकीतून बाहेर पडायचा दरवाजा होता. १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरेगाव भीमाच्या स्तंभावर आहेत. त्यांत शेवटी ‘नाक’ असलेली महार सैनिकांची नावं बरीच आहेत. पुढे १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. मागणी एवढीच, की आम्हाला फौजेत घ्या. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

याच हुद्द्यावर असताना मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीकाठी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून पलीकडे नेलं आणि शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आज मराठीत नुसतं ‘शिपाई’ म्हटलं, की साहेबाच्या केबिनबाहेरचं स्टूल आठवतं. पोलीस भरतीच्या जाहिरातीत ‘पोलीस शिपाई’ असतो. सीमेवरच्या माणसाला आपण ‘जवान’ म्हणतो. पायदळाच्या बहुतेक पलटणींत मात्र तो अजून सेपॉयच आहे. जवान हे नाव आपण त्याला प्रेमाने दिलं खरं, पण त्याआधी त्याचं जुनं नाव आपणच हलकं करून ठेवलं होतं. स्टुलावरच्या माणसाला आपण ‘अरे’ म्हणतो, तिथेच ते हलकं झालं.